गोठ्यापासून डिसेक्शन हॉलपर्यंत: जनावरांची शरीररचना शिकवायची आहे त्यांच्यासाठी

पीयूसीचे, म्हणजे बारावीचे, निकाल लागले की खानापूर, निपाणी, चिकोडीकडून फोन सुरू होतात. बहुतेकांना एवढंच विचारायचं असतं, की बी.व्ही.एस्सी.ला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीला, सीट लागेल का. पण गेल्या वर्षी एका मुलीचा फोन आला. ती पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन गावी आली होती. म्हणाली, "सर, मला पुढे ॲनाटॉमीच करायची आहे. शिकवायचं आहे." मागून तिच्या वडिलांचा आवाज आला, "अहो सर, जनावराचा डॉक्टर म्हणजे जित्या जनावराचा ना? ही मेलेल्यावर शिकून काय करणार?"

वडिलांचा प्रश्न रास्त होता. आपल्या भागात जनावरांचा डॉक्टर म्हणजे मोटरसायकलवरून गोठ्यात येणारा माणूस. त्याला गाईच्या पोटात काय कुठे आहे हे कुणी शिकवलं, हा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. मी ते शिकवण्यात आयुष्य घातलं, म्हणून या वाटेवर पहिलं पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. सीमाभागातल्या मराठी मुलामुलींना या वाटेवर काही अडचणी जास्त आहेत आणि एक-दोन गोष्टी त्यांच्याकडे आधीपासूनच आहेत. दोन्हींबद्दल सांगतो.

आधी विषय समजून घ्या

पशुवैद्यकातल्या शरीररचनाशास्त्राचे तीन भाग असतात. नुसत्या डोळ्यांनी दिसतं ते स्थूलरचना, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं ते ऊतिशास्त्र आणि गर्भात अवयव कसे घडतात ते भ्रूणशास्त्र. कॉलेजात सगळे यांना ग्रॉस, हिस्टो आणि एम्ब्रियो म्हणतात. तुम्हीही तेच म्हणाल.

याचा उपयोग काय, हे वडिलांना सांगायचं असेल तर पोटफुगीचं उदाहरण घ्या. गाईचं पोट चार कप्प्यांचं असतं: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. कोठीपोट जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापून असतं. त्यामुळे गाय फुगली की डावी भकाळी, म्हणजे कुशीतला खळगा, वर येते, आणि जीव वाचवायला नळी घालायची वेळ आली तर ती त्या भकाळीतच घालतात. भकाळीच्या कडा तीन: पुढे शेवटची बरगडी, वर कमरेच्या मणक्यांचे आडवे काटे, मागे कमरेच्या हाडाचं बाहेर आलेलं टोक. या तिन्हींवर बोट ठेवता आलं म्हणजे रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडातही जागा चुकत नाही. ती बोटं कुठे ठेवायची हे पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या शिक्षकाने शिकवलेलं असतं.

जाळीपोटाचंही तसंच. ते छातीच्या पडद्याला अगदी लागून असतं आणि पडद्याच्या पलीकडे हृदय. चाऱ्यातून तारेचा तुकडा किंवा खिळा गेला की तो जाळीपोटात अडकतो आणि पुढे सरकला तर पडदा भेदून हृदयाच्या आवरणापर्यंत जातो. आपल्याकडे बांधकामाची, कुंपणाची तार चाऱ्यात मिसळायला वेळ लागत नाही. गाय चरत नाही, पुढचे पाय फाकवून उभी राहते, उतारावरून चालायला कचरते. ही लक्षणं औषधाच्या पुस्तकात असतात, पण ती तशी का, याचं उत्तर ॲनाटॉमीत आहे.

प्रवेश

बी.व्ही.एस्सी. ॲण्ड ए.एच. ही पदवी साडेपाच वर्षांची आहे. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. गणित नसलं तरी चालतं, हे बऱ्याच घरांना माहीत नसतं. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण झालेली हवीत.

कर्नाटकातली पशुवैद्यकीय महाविद्यालयं बिदरच्या विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. हेब्बाळ, बिदर, हासन, शिवमोग्गा, गदग ही नावं ऐकलेली असतील. आपल्या बेळगाव जिल्ह्यात अथणीलाही आता पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ही गोष्ट आपल्याकडच्या मुलींसाठी मोठी आहे, कारण "इतक्या लांब हॉस्टेलला नको" या एका वाक्यावर कितीतरी सीट सोडल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. राज्यातले प्रवेश केईएच्या, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या, सीईटीतून होतात. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वेगळा कोटा आणि त्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा असते. ग्रामीण कोट्यासाठी पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकल्याचा दाखला लागतो. ही कागदपत्रं निकालाच्या आधी तयार ठेवा. निकालानंतर सगळ्यांचीच धावपळ होते आणि तहसीलदार कार्यालयासमोर रांगा लागतात.

महाराष्ट्रात जायचं असेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची महाविद्यालयं आहेत. मुंबईत परळला, नागपूरला, परभणीला, उदगीरला आणि शिरवळला. परळचं कॉलेज १८८६ सालचं, देशातल्या जुन्यांपैकी एक. आपल्याला सगळ्यात सोयीचं शिरवळ, कारण ते पुणे-बेंगळुरू महामार्गालगत आहे आणि बेळगावहून कोल्हापूर, सातारा करत थेट पोचता येतं. तिथला प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. देशभरातल्या महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागाही नीटवरच भरतात. महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तरतुदी असतात. आपलं गाव त्या यादीत असेल तर त्या वर्षीचं माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचा.

माझा सल्ला विचाराल तर सीईटी आणि नीट दोन्ही द्या. एका दारावर बसून राहू नका.

पहिलं वर्ष: इथेच ठरतं

ॲनाटॉमी पहिल्याच वर्षी असते. पहिल्या दिवशी हॉलचं दार उघडलं की फॉर्मॅलिनचा वास नाकात शिरतो, डोळ्यांतून पाणी येतं, आणि टेबलावर म्हैस किंवा रेडकू. काही मुलं बाहेर जातात. घाबरू नका, त्यातली बरीच पुढे चांगली सर्जन झालेली आहेत. वासाची सवय होते, पण त्या वासाला क्षुल्लक समजू नका. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. मी एका कॉलेजात काही काळ शिकवलं तिथे हॉलला हवा बाहेर टाकणारा पंखाच नव्हता. आम्ही उन्हाळ्यातही खिडक्या उघड्या टाकून, दर अर्ध्या तासाला बाहेर येऊन काम करायचो. तक्रारी केल्या, कागद फिरत राहिले. तुमच्या हॉलमध्ये तशी स्थिती असेल तर गप्प बसू नका. हातमोजे, ॲप्रन, बंद बूट आणि उघड्या खिडक्या, एवढं तरी रोज हवं.

जनावर टिकवायची पद्धत मुद्दाम विचारून घ्या आणि जमेल तेव्हा समोर उभं राहून पाहा. मानेतली कॅरॉटिड धमनी उघडतात, तिच्यातून रक्त काढतात आणि मग त्याच धमनीतून फॉर्मॅलिनचं द्रावण शरीरात सोडतात. द्रावण रक्तवाहिन्यांच्याच वाटेने सगळीकडे पोचतं, म्हणून ते आतपर्यंत टिकतं. नंतर धमन्यांत लाल रंग भरतात, म्हणजे चिरफाड करताना त्या ओळखू येतात. हे काम बहुतेक ठिकाणी अटेंडर करतात. मला ते शिकवलं आमच्या हॉलमधल्या अटेंडरमामांनी, आणि ॲनाटॉमीत मला मिळालेल्या चांगल्या शिक्षकांत त्यांचं नाव मी आजही आधी घेतो. त्यांच्याशी नम्रपणे वागा. धमनी कुठे कापायची, सुई कुठपर्यंत सरकवायची, हे त्यांच्या हातांना जितकं ठाऊक असतं तितकं पुस्तकात मावत नाही.

कर्नाटकात गोवंशाच्या हत्येवर बंदी आहे. २०२० च्या कायद्याने १३ वर्षांपुढच्या म्हशीचा अपवाद ठेवला आहे. त्यामुळे गाय-बैलाचं शरीर हॉलला मिळतं ते नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचंच. एक शरीर आलं की ते महिनोन्महिने वापरायचं असतं. म्हणून चाकू लावण्याआधी विचार करा. थर उलगडत जा. कातडीखालचा थर काढल्यावर थांबून पाहा, मग पुढे. घाईत कापलेली नस पुन्हा जोडता येत नाही, आणि तुमच्या मागे वीस जणांनी ती पाहायची असते.

हाडांपासून सुरुवात करा. तोंडी परीक्षेत हमखास पहिला प्रश्न असतो: "हे हाड डावं की उजवं?" फऱ्याचं हाड घ्या. त्याच्या एका बाजूला उभा कणा असतो, ती बाहेरची बाजू. ती बाजू स्वतःकडे करा. सांध्याचा खड्डा खाली ठेवा. कण्यामुळे हाडाचे दोन भाग झालेले दिसतील, एक अरुंद आणि एक रुंद. अरुंद भाग जनावराच्या डोक्याकडे असतो. आता अरुंद भाग तुमच्या डाव्या हाताला आला तर हाड डावं, उजव्या हाताला आला तर उजवं. हे पाठ करू नका. डोळ्यांसमोर गाय उभी करा, तिच्या डाव्या बाजूला उभे राहा, तिचं तोंड तुमच्या डावीकडे असेल. बाकी सगळं त्यातून येतं. ज्याला गाय डोळ्यांसमोर उभी करता येते त्याला ही सगळी हाडं सोपी जातात, आणि गोठ्यात वाढलेल्या मुलाला ती उभी करायला काहीच कष्ट पडत नाहीत.

रोज एक आकृती हाताने काढा. फोनवर फोटो काढून ठेवणारी मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री फोटो पाहतात आणि गोंधळतात. धमनी लाल, शीर निळी, नस (म्हणजे मज्जातंतू) पिवळी, हा रंगांचा संकेत सगळीकडे सारखा आहे. चित्र सुबक नसलं तरी चालेल. कोणती नस कोणत्या स्नायूच्या वरून जाते आणि कोणत्या खालून, हे त्यात खरं आलं पाहिजे.

नावांचा धाक अनेकांना वाटतो. लॅटिन नावं आपल्याला परकी, पण ती जगभर एकच असावीत म्हणून ठरवलेली आहेत. त्यांची अधिकृत यादी, नॉमिना ॲनाटॉमिका व्हेटरिनारिया, पहिल्यांदा १९६८ साली निघाली. पुढे संशोधन करायचं असेल तर याच यादीतली नावं वापरावी लागतात, म्हणून आत्तापासून शुद्ध लिहा.

इंटर्नशिप टाळू नका

"मला शिकवायचंच आहे, मग दवाखान्यात वेळ कशाला?" असं म्हणणारे भेटतात. मी त्यांना परत पाठवतो. सिझेरियन करताना भकाळी बधिर करायला शेवटच्या छातीच्या मणक्याची आणि कमरेच्या पहिल्या दोन मणक्यांची नस पकडावी लागते. सुई आडव्या काट्याच्या कडेने कशी उतरवतात, ती हाडाला लागल्याचं बोटाला कसं कळतं, हे ज्याने स्वतः केलं नाही त्याने त्या नसा वर्गात शिकवल्या तर ते कोरडं होतं. मानेच्या शिरेत कॅल्शियम देताना काय काळजी घ्यायची, हेही तसंच. मानेच्या वरच्या भागात शीर आणि खालची कॅरॉटिड धमनी यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो, खाली येताना त्या एकमेकींच्या जवळ येतात. चुकून धमनीत औषध गेलं तर गाय जागीच कोसळू शकते. इंटर्नशिपमध्ये हे पाहिलेला शिक्षक हा पडदा दाखवताना आवाज खाली आणतो, आणि मुलं लिहायचं थांबवून पाहू लागतात.

पदवी झाल्यावर राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करून घ्या. पुढे शिकवायचं ठरलं तरीही.

एम.व्ही.एस्सी.: विषय निवडताना

दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. विद्यापीठांची स्वतःची प्रवेशप्रक्रिया असते आणि आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, देशपातळीवरची परीक्षाही असते. तिच्यात वर आलात तर शिष्यवृत्तीसह दुसऱ्या राज्यातही जागा मिळते. ॲनाटॉमीला स्पर्धा सर्जरी किंवा मेडिसिनपेक्षा कमी असते. याचा गैरअर्थ घेऊन काही जण "दुसरं काही मिळालं नाही" म्हणून येतात. ते पुढे वर्गात ओळखू येतात. विषय आवडत असेल तरच या.

प्रबंधाचा विषय निवडताना लांब पाहू नका. आपल्या भोवती जे जनावर आहे त्याकडे पाहा. कृष्णा खोऱ्यातली गाय आपल्याच भागातली, आज कमी उरलेली. खिलार आपल्या शर्यतींच्या मैदानावर धावते. पंढरपुरी म्हशीची शिंगं इतकी लांब की ती पाठीपर्यंत जातात. डेक्कनी मेंढी आणि शेजारच्या जतची माडग्याळ मेंढी. मुधोळचं कुत्रं तर बागलकोट जिल्ह्यातलं, आणि मुधोळ तालुक्यात तिम्मापूरला विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. या प्राण्यांच्या खुरांची, शिंगांच्या मुळांची, सडांच्या नळीची, श्वासनलिकेची रचना मोजून, चित्रं काढून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडणं हे खरं काम आहे. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी असतात, म्हणून ती उन्हाळ्यात डबक्यात बसते. आपले आजोबा हे पाहत आले. ते का, हे ऊतिशास्त्राने दाखवलं.

ऊतिशास्त्राच्या तंत्रात माझी एक चूक इथे सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. प्रबंधासाठी मी कोठीपोटाचे तुकडे गोळा करत होतो. एका दिवशी जास्त नमुने मिळाले, बाटल्या कमी पडल्या, म्हणून मी मोठे तुकडे छोट्या बाटलीत कोंबले. वरून ते घट्ट, पांढुरके दिसत होते. मेणात बसवून, पाच मायक्रॉनचे पातळ काप घेऊन रंगवले तेव्हा कळलं की मधला भाग आधीच सडलेला आहे. फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचलंच नव्हतं. दोन महिने वाया गेले. तेव्हापासून माझा नियम: तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहा पट, आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आतमध्ये. शाईची चिठ्ठी अल्कोहोलमध्ये पुसून जाते.

पुढची पायरी ठरलेली असते. चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल पाणी काढतं, झायलीन अल्कोहोल काढतं, मेण आत शिरतं. हिमॅटॉक्सिलीनने पेशीचं केंद्रक निळं, इओसिनने बाकीचं गुलाबी. कोलॅजेन पाहायचं असेल तर मॅसनचा रंग. हे सगळं प्रयोगशाळेत कुणीतरी करून देईल या आशेवर राहू नका. मायक्रोटोमचं, म्हणजे काप घेण्याच्या यंत्राचं, पातं स्वतः बसवायला शिका. काप पाण्यावर तरंगताना ब्रशने उचलायला शिका. पहिल्या पन्नास कापांना सुरकुत्या पडतील, मग हात बसतो.

नमुने कुठून आणायचे याची परवानगी आधी घ्या. जिवंत जनावरावर काही करायचं असेल तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. कत्तलखान्यातून अवयव घेताना तिथल्या पशुवैद्यकाचं पत्र ठेवा. खानापूरच्या जंगलात मेलेला एखादा गवा किंवा हरीण दिसलं तरी हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याच्या परवानगीशिवाय एक हाडही उचलता येत नाही.

आणि एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे. अचानक मेलेलं जनावर, ज्याच्या नाकातोंडातून किंवा शेणाच्या जागेतून न गोठणारं काळपट रक्त येतंय, ते उघडायचं नाही. कुणी कितीही आग्रह केला, "फक्त एक अवयव द्या सर" म्हटलं, तरी नाही. तो फाशी रोग (ॲन्थ्रॅक्स) असू शकतो. शव उघडलं की जंतू हवेला लागून बीजाणू बनतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ॲनाटॉमीच्या माणसाला शरीर मिळवायची ओढ असते, म्हणून हा नियम त्याने सगळ्यांत कडक पाळला पाहिजे.

पीएच.डी. आणि नोकरी

पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून जास्त लागतात. आता नुसत्या सूक्ष्मदर्शकावर भागत नाही. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंडांच्या मदतीने ऊतीतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणं), सीटी स्कॅनवरून त्रिमितीय चित्रं, आणि प्लॅस्टिनेशन, म्हणजे अवयवातलं पाणी व चरबी काढून त्या जागी प्लॅस्टिक भरण्याची पद्धत, जी १९७७ साली हायडेलबर्गला गुंथर फॉन हागेन्स यांनी शोधली. प्लॅस्टिनेशन केलेला अवयव कोरडा असतो, वास येत नाही, वर्गात हातोहात फिरवता येतो. शव मिळणं अवघड होत चाललं आहे, तेव्हा हे तंत्र शिकलेल्याला मागणी वाढणार असं मला वाटतं.

नोकरीची वाट सहायक प्राध्यापकापासून सुरू होते, मग सहयोगी प्राध्यापक, मग प्राध्यापक. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून आहे. वडिलांना हा आकडा सांगा. पण हेही सांगा की कायमच्या जागा वर्षानुवर्षं निघत नाहीत, आणि तोपर्यंत कराराच्या, तात्पुरत्या जागांवर काम करावं लागतं. नेट परीक्षेचा नियम, पीएच.डी.ची अट, वयोमर्यादा प्रत्येक जाहिरातीत नीट वाचा. कर्नाटकात नोकरी हवी असेल तर कन्नड वाचता, लिहिता आलंच पाहिजे. आपल्याकडे यावर वाद खूप होतात. शिक्षक म्हणून मी एवढंच म्हणतो, की भाषा शिकलेल्याचं कधी काही कमी झालेलं नाही.

पीएच.डी. चालू असतानाच भारतीय पशुवैद्यकीय शरीररचनाशास्त्रज्ञांच्या संघटनेचे सदस्य व्हा. तिचं स्वतःचं नियतकालिक आहे, अधिवेशन भरतं. तिथे पोस्टरसमोर उभं राहून चार अनोळखी प्राध्यापकांना उत्तरं द्यायची सवय नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडते.

वर्गात तीन भाषा

सीमाभागातल्या मुलाकडे मराठी, कन्नड आणि शाळेतलं इंग्रजी असतं. पहिल्या वर्षी हे ओझं वाटतं. मी मराठी माध्यमातून आलो. पहिला महिना पाठ्यपुस्तकाचं एक पान वाचायला मला तास लागायचा. मग मी एक वही केली. डाव्या पानावर इंग्रजी-लॅटिन नाव, उजव्या पानावर गावात ज्याला जे म्हणतात ते. रुमेनसमोर कोठीपोट, पॅरालम्बार फॉसासमोर भकाळी, स्कॅप्युलासमोर फरा. पुढे शेजारच्या खोलीतल्या मित्राला विचारून कन्नड शब्दही लिहायला लागलो. तीच वही घेऊन मी आज शिकवतो. वर्गात अथणीचा मुलगा असतो, बिदरचा असतो, मंगळुरूचाही असतो. अवयव हातात धरून तिन्ही भाषांत नाव घेतलं की कोणी मागे राहत नाही. उद्या हेच विद्यार्थी खेड्यात जाऊन शेतकऱ्याशी बोलणार आहेत, आणि शेतकरी रुमेन म्हणत नाही.

शिकवायला लागलात की पहिल्या वर्षी एक चूक हमखास होते: सगळं सांगायची. पुस्तकातली प्रत्येक फांदी, प्रत्येक छिद्र. मुलं लिहून घेतात आणि काही लक्षात राहत नाही. एका तासात एकच भाग घ्या आणि प्रत्येकाचा हात त्यावर ठेवायला लावा. मागच्या रांगेतल्या मुलींना पुढे बोलवा. गर्दीत त्यांना टेबलापर्यंत जागा मिळत नाही, हे मी दर वर्षी पाहतो. चार-चारच्या गटात, आळीपाळीने. वेळ जास्त लागतो, लागू द्या.

सुट्टीत गावी आलात की

आता त्या मुलीबद्दल. मी तिच्या वडिलांना फोनवर विचारलं, "बैल घेताना वय कसं बघता?" ते लगेच म्हणाले, "दात बघून. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळला." म्हटलं, "ॲनाटॉमीत हेच आहे. मुलीला तुम्हीच शिकवा." बैलाला वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, खाली आठ असतात. दुधाचे दात पडून कायमची पहिली जोडी साधारण दोन वर्षांनी येते, आणि चारही जोड्या चार वर्षांच्या आसपास पुऱ्या होतात. वडिलांनी तिला गोठ्यातल्या तीन जनावरांचे दात दाखवले. तिने प्रत्येकाचं चित्र काढून मला पाठवलं, खाली वडिलांचा शब्द आणि पुस्तकातला आकडा शेजारी शेजारी. सहा दातांचं चित्र तिने दोनदा काढलं होतं, कारण पहिल्यात कडेची दुधाची जोडी राहून गेली होती.

तुम्हीही असंच करा. रायबाग तालुक्यात चिंचलीला मायाक्काच्या यात्रेत माघात जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथे जा. वही, पेन्सिल, छोटी बॅटरी बरोबर ठेवा. मालकाला आधी विचारा, "मामा, दात बघू का?" म्हणा, आणि नाही म्हणाले तर पुढच्याकडे जा. बैलाच्या समोरून तोंडात हात घालू नका, बाजूने उभे राहा. कडेला, जिथे दात नसतात त्या मोकळ्या जागेतून बोटं घालून जीभ बाजूला धरली की जबडा उघडतो. पहिल्या वेळी मामांनाच धरू द्या. त्यांनी काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहा, मग तुम्हाला काय दिसलं ते. दोन्हींत फरक आला तर तिथेच त्यांना विचारा, घरी येऊन पुस्तक नंतर उघडा.